डोंगरातले मीठ

गुरुजी, डोंगरातले ते गाव खरे निघाले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षे लोटली की तुमच्या मुलांनाही तुमची तिथी आठवत नसेल. मला ती ठाऊक नाही आणि ठाऊक करून घेण्याची इच्छाही नाही. तरीही ही वार्ता तुम्हाला कळवणे मला भाग आहे. त्या गावाविषयी या जगात वाद होता तो केवळ तुमचा आणि माझा, आणि दोघांपैकी एक जण मेला म्हणून वाद मिटत नाही. मी कळव्याच्या माझ्या घरी तिसऱ्या मजल्यावर खिडकीशी बसून लिहीत आहे. खाली खाडी आहे. जेथे आमचे मिठागर होते तेथे अर्ध्या भागात तिवरे माजली आहेत आणि अर्ध्या भागात इमारती. वय झाले, तरी अक्षर वाचण्याजोगे आहे. ते तुम्हीच छडी मारून वळवलेले आहे, एवढे श्रेय तुम्हाला देतो. याहून अधिकाची अपेक्षा करू नये.

आपली शाळा म्हणजे देवळामागची एक खोली होती. तुम्ही ठाण्याहून सायकलने पूल ओलांडून येत असा. धोतराला चिखल लागू नये म्हणून पायाला लोखंडी चिमटा लावलेला असे, आणि वर्गात शिरण्यापूर्वी तुम्ही पायपुसणे नव्हे, आमच्यापैकी कोणाची तरी पाटी पुसायची चिंधी मागून पायताणे पुसत असा. ते सारे मी विसरलो नाही. पण भूगोलाचा तास असला की तुमचा आवाज पालटे, हेही मी विसरलो नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या एका गावाचा धडा होता. तुम्ही पुस्तक मिटले, दोन्ही हातांची ओंजळ आमच्यासमोर धरली आणि म्हणालात, "ही दरी. तळाला नदी. बोटे दिसतात ना, ते डोंगर. आता या ओंजळीत माणसे राहतात असे समजा." आम्ही समजलो. नदीकाठी मका, त्याचा दाणा अंगठ्याच्या नखाएवढा. त्याच्या वर मातीच्या विटांची, कौलारू घरे. आणखी वर बटाट्यांची शेते, त्यावर नुसते गवत आणि त्या गवतात चरणारा, वशिंड नसलेला उंटासारखा प्राणी. सगळ्यांत वर बर्फ. तेथील माणसे बटाटे थंडीत उघड्यावर पसरतात, सकाळी पायांनी तुडवून त्यांतले पाणी काढतात आणि मग ते वर्षानुवर्षे टिकतात. बायका रंगीत फडक्यात मूल बांधून पाठीवर घेतात. तुम्ही बोलत होता आणि मी त्या गावात वावरत होतो. आमच्या आळीतली एकही वाट मला तितकी स्पष्ट दिसत नसे, जितकी त्या दरीतली वाट दिसे. हे सांगण्यात मला आनंद नाही, पण ते खरे आहे.

मग तुम्ही म्हणालात की त्याच डोंगराच्या कुशीत एक खारा झरा आहे, त्याचे पाणी पाटाने उतारावरच्या वाफ्यांत सोडतात, उन्हाने पाणी आटते आणि वाफ्यांत मीठ उरते. समुद्र तेथून कोसच्या कोस दूर, तरी मीठ. त्या ठिकाणी मी थांबलो. गुरुजी, आमच्या घरात मीठ कसे होते हे मला भात कसा खावा याच्या आधी समजले होते. अवसेपुनवेला खाडीला मोठी भरती येई, वडील बांधाचे तोंड उघडत, पाणी आत घेत आणि म्हणत, "आली बघ, आपली मालकीन." भरती ही मालकीण. ती येईल तर मीठ, नाही तर चिखल. ती डोंगर चढते, असे कोणी सांगितले तर आमच्या आळीतल्या तान्ह्या मुलानेही नाही म्हणून मान हलवली असती. मी त्या दिवशी गप्प बसलो. पण मनात म्हणालो की गुरुजींनी बाकी सर्व पाहिलेले दिसते, एवढे मात्र कोणीतरी त्यांना खोटे सांगितले आहे.

पुढे तपासणीसाठी साहेब आले. तुम्ही मला उभे केले, कारण तो धडा माझ्यासारखा कोणालाच येत नव्हता. मी ओंजळ धरली. नदी सांगितली, मका सांगितला, घरे, बटाटे, गवत, बर्फ सांगितले. साहेब मान डोलावत होते, आणि त्यांच्या मागे उभे राहून तुम्ही माझ्या प्रत्येक वाक्याबरोबर ओठ हलवत होता. शेवटी साहेबांनी विचारले, "आणि मीठ कोठून आणतात रे हे लोक?" मी म्हणालो, "साहेब, पुस्तकात डोंगरातून आणतात असे आहे. पण ते खोटे आहे. भरतीशिवाय मीठ होत नाही." साहेब मोठ्याने हसले आणि तुमच्याकडे वळून म्हणाले, "काय मास्तर, विद्यार्थी तुम्हालाच शिकवतो की!" तुमचा चेहरा मी आजही काढून दाखवू शकेन. तुम्ही शेजारच्या घरातून मूठभर मीठ मागवलेत, माझा जबडा दाबून ते माझ्या तोंडात भरलेत आणि तोंडावर हात ठेवलात. "चाख. आणि चाखून सांग, हे खाडीचे की डोंगराचे?" मला बोलता कसे येणार होते? नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होते. वर्ग हसत होता. साहेब घड्याळ पाहत होते. "नाही ना कळत? मग ज्या जिभेला कळत नाही तिने बोलू नये," असे म्हणून तुम्ही हात काढलात आणि तो माझ्याच सदऱ्याला पुसलात.

वडिलांना कोणीतरी जाऊन सांगितले. ते मिठागरातून तसेच आले, गुडघ्यापर्यंत चिखल. साहेब अजून वर्गातच होते. वडील उंबऱ्याबाहेर उभे राहिले, कारण शाळेत चिखल नेऊ नये एवढे त्यांना कळत होते. "गुरुजी, मारला असता तरी मी काय बोल्लो नसतो," ते म्हणाले. "पन मीठ? मीठ कोंबायची वस्तू हाय काय?" तुम्ही म्हणालात, "मुलगा उद्धट आहे तुमचा." वडिलांनी मला विचारले, "तू काय बोल्लास रं?" मी सांगितले. त्यांनी ते ऐकले, खाली वाकले, उंबऱ्याशी माझ्या सदऱ्यावरून सांडलेले मीठ उचलून मुठीत घेतले, कारण सांडलेल्या मिठावर पाय पडू देत नाहीत, आणि ती मूठ तुमच्यासमोर धरून म्हणाले, "डोंगरान मीठ निघल, त्या दिशी माजा पोर तुमचे शालन येल." म्हणजे डोंगरात मीठ निघेपर्यंत मला शाळा नाही, आणि मुठीत मीठ धरून बोललेला शब्द आमच्या घरात कोणी मोडत नाही. तुम्हाला तो थांबवता आला असता. आत या, बसा, मी नकाशा दाखवतो, एवढे म्हणता आले असते. नकाशा भिंतीवरच होता. तुम्ही म्हणालात, "पुढचा मुलगा उभा राहा."

चौथीचे वर्ष संपत आले होते. मी पाचवीला गेलो नाही. लोक शिक्षण विचारतात तेव्हा मी 'चौथी' एवढेच सांगतो आणि विषय बंद करतो.

त्यानंतर मी काय केले ते तुम्ही कधी विचारले नाही, म्हणून सांगतो. मिठागर चालवले. ते बंद झाल्यावर जमीन राखली आणि वाढवली. वर्तमानपत्र रोज मोठ्याने वाचून भाषा शुद्ध केली. माझ्या घरात कोणी 'पानी' मागितले तर त्याला पेला मिळत नसे. 'पाणी' म्हणेपर्यंत उभे राहावे लागे. माझा मुलगा एकदा तसा तहानलेलाच झोपी गेला होता. आज तो डोंबिवलीला मानपाड्याच्या बाजूला कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे आणि उत्तम बोलतो, म्हणून त्या शिस्तीबद्दल मला काही म्हणायचे नाही. आणखी एक गोष्ट आमच्या घरात रुजली. कोणी थाप मारली की आम्ही म्हणतो, "हे डोंगरातले मीठ." उशिरा येऊन बस चुकल्याचे सांगणारा मुलगा, वजनात मारणारा कोळी, मत मागायला आलेला पुढारी, सगळ्यांना तेच. मुले ही म्हण ऐकत वाढली. ती कोठून आली हे मी कोणाला सांगितले नाही. तुमचे नाव माझ्या घरात कधी उच्चारले गेले नाही, गुरुजी. तुमची आठवण मात्र दिवसातून दोनदा निघत असे, आणि तीही खोटेपणासाठी.

मुलगा ठाण्याच्या कॉलेजातून पदवीधर झाला तेव्हा मी पेढे घेऊन तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही त्या वेळी डोंबिवलीला मुलाच्या ब्लॉकमध्ये राहत होता. मी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, मनगटाला घड्याळ होते, आणि रिक्षातून उतरताना दोनदा पायताणे झटकली होती. तुम्हीच दार उघडले. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलेत, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणालात, "आज मीठ नको." दार लागले. आतून तुमच्या पत्नीचा आवाज आला, "कोण होतं हो?" तुम्ही म्हणालात, "मीठवाला." मी जिना उतरलो. रिक्षावाला थांबला होता. पेढ्यांचा पुडा मी त्याच्या हातात दिला. "अरे वा काका, पोरगा झाला वाटतं?" तो म्हणाला. "नाही," मी म्हणालो, "एक माणूस मेला." तो गोंधळला, पण पेढे त्याने ठेवून घेतले. तुम्ही त्यानंतरही काही वर्षे जगलात, असे ऐकतो. माझ्याकडून तुम्हाला त्याच दिवशी मुक्ती मिळाली होती. पुढे त्या रस्त्याने जाताना कळले की ती इमारत पाडली आणि तुमची पुस्तके रद्दीवाल्याने गोणीत भरून नेली. ऐकून मला बरे वाटले. ते लपवण्याचे कारण दिसत नाही.

आता माझ्या नातीविषयी. ती मुलाची एकुलती एक मुलगी. पाण्याच्या नियोजनाचे काही शिक्षण तिने घेतले आहे. जुन्या काळी बांधलेले दगडी पाट अजून कसे चालतात याचा अभ्यास करायला एका संस्थेने तिला परदेशी पाठवले. कोठे, असे मी विचारले तेव्हा तिने पेरू देशाचे नाव घेतले आणि म्हणाली, "आबा, अँडीजमध्ये. व्हॅलीतलं छोटं शहर आहे, आपल्या जुन्या कल्याणएवढं असेल." ती गेल्यावर दर रविवारी संध्याकाळच्या चहाच्या वेळी तिचा फोन येऊ लागला, तिकडे तेव्हा सकाळ असते. इतर जण तब्येत विचारून उठत. मी फोन धरून बसत असे आणि साहेबांनी मला विचारले तसे तिला एकेक विचारत असे. नदी कोणत्या बाजूला आहे? मक्याचा दाणा केवढा? घरे कशाची?

ती हसून सांगे, फोन फिरवून दाखवे. सारे तसेच होते, गुरुजी. मातीच्या विटांची घरे, आणि कौलांच्या कण्यावर घराचे भले व्हावे म्हणून मातीच्या बैलांची जोडी. गावाच्या गल्लीतून दगडी पाटाने खळाळत जाणारे पाणी. उन्हात उभे राहिले तर पाठ भाजते आणि सावलीत शिरले तर शाल घ्यावी लागते. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिकडे कोरडी थंडी, पहाटे शेतात पांढरे दव गोठलेले. बाजारात हॅट घातलेल्या बायका फडके पसरून बसतात. त्यांच्यापुढे काळे, जांभळे, पिवळे बटाटे ढीग करून ठेवलेले आणि सुकवलेलेही, खडकाच्या तुकड्यांसारखे. "आबा, इथे स्वयंपाकघरात चुलीजवळ उंदरासारखे गुबगुबीत प्राणी पाळतात," ती म्हणाली, "आणि सणाला खातात. आईला सांगू नका हं, ती मला इथून उचलून नेईल." एकदा रस्ता दाखवताना समोरून तीनचाकी रिक्षा गेली. मी म्हणालो, "ही तर आपली." "आपलीच आहे!" ती ओरडली. "आपल्याकडूनच येतात. आणि आबा, हेपण जवळचं भाडं घेत नाहीत, सेम कल्याण स्टेशन!" मी हसलो. सूनबाई स्वयंपाकघरातून पाहायला आली की कोण हसले. त्या रविवारांत मी तुमच्या ओंजळीत पुन्हा जाऊन राहिलो होतो, हे तुम्ही समजून घ्या, म्हणजे पुढचे समजेल.

एका रविवारी ती फोनवर आधीच हसत होती. "आबा, सगळ्यांना बोलवा. आज मी तुम्हाला डोंगरातलं मीठ दाखवणारे!" घरातले सगळे हसत जमले, कोणती थाप मारते ते पाहू या म्हणून. तिने फोन वळवला. डोंगराचा उतार, आणि त्याला वरपासून खालपर्यंत पांढऱ्या पायऱ्या. वाफे. प्रत्येक वाफ्याला हातभर रुंदीचा बांध, त्यावरून अनवाणी चालणारी माणसे, लाकडी फळीने मीठ ओढून ढीग करणारी. वडील जसे कमरेतून वाकत तशीच वाकलेली. "खारा झरा आहे वर," ती सांगत होती. "एकेका घराचे ठरलेले वाफे असतात, बापाकडून मुलाकडे. आबा, दिसतंय का? आबा?" मी म्हणालो, "नेटवर्क खराब आहे," आणि फोन मुलाच्या हातात दिला.

तुम्ही खोटे बोलला असतात तर मी तुम्हाला केव्हाच क्षमा केली असती. खोटे बोलणारा गुरू दुर्बल असतो, त्याची दया येते. तुम्ही खरे होतात. तुमच्याजवळ खरे होते आणि ते तुम्ही मुठीत धरून मुलाच्या तोंडात कोंबलेत. मी आणि माझे वडील, आम्ही दोघे चुकीचे होतो, आणि त्या चुकीवर वडिलांनी मीठ हातात घेऊन शब्द दिला. ते मरेपर्यंत म्हणत, "पोराची शाला गेली, पन आपला खरा हाय." ते तसे समजून गेले, हे त्यांचे भाग्य. माझ्या नशिबी फोनचा पडदा होता आणि त्यावर तो पांढरा डोंगर.

त्यातच त्या वाफ्यांचा धनी असलेल्या एका घरातला मुलगा तिने पसंत केला. मुलगा शिकलेला आहे, तिच्याच संस्थेत काम करतो, आणि कोरड्या ऋतूत घरच्यांबरोबर मीठही ओढतो. घरी तिची आई रडली आणि दोन दिवसांत सावरली. माझा मुलगा म्हणाला, "आबा, मिठागरवाल्यांच्या घरी मिठागरवालेच आले की." सगळ्यांना ते शुभ वाटले. माझ्या होकाराविना घरात काही होत नाही, म्हणून नात स्वतः आली. लग्न तिकडे व्हायचे होते, पण निघण्यापूर्वी तिला एक गोष्ट हवी होती. आमच्या घरात मुलगी सासरी निघते तेव्हा उंबऱ्याशी वळून उभी राहते, घरातला सर्वांत वडील पुरुष तिच्या ओंजळीत मीठ घालतो आणि मग ती पाऊल बाहेर टाकते. माझ्या बहिणींच्या ओंजळीत वडिलांनी घातले होते. दुसऱ्या कोणी घातलेले चालत नाही. "बाकी काही नको मला," ती म्हणाली, "फक्त तेवढं, आबा."

आणि मी ते देणार होतो, गुरुजी. हे लक्षात ठेवा. मी नव्या मडक्यात मीठ काढून ठेवण्यास सूनबाईला सांगितले होते.

एका दुपारी जेवणाच्या पानावर सगळे बसलो होतो. ती माझ्याशेजारी येऊन बसली, एक लहानशी कापडी पिशवी उघडली आणि माझा तळवा धरून त्यावर गुलाबीसर मीठ ओतले. तिला काहीच ठाऊक नव्हते. कोणालाच नव्हते. ती लाडाने वाकली आणि म्हणाली, "आबा, चाखा ना. आणि चाखून सांगा, हे खाडीचं की डोंगराचं?"

पानावरचे सगळे हसले. मुलगा म्हणाला, "आता आली पंचाईत! आबा, म्हण बदलावी लागणार." मला वर्ग ऐकू आला. मी तळवा उलटा केला. मीठ पानात, भातावर, जमिनीवर सांडले. मी म्हणालो, "ज्या हाताने हे माझ्या घरात आणलेस, त्या हातावर या घरचे मीठ पडणार नाही." हे वाक्य मी सावकाश आणि शुद्ध उच्चारले. तुमचा विद्यार्थी आहे. मग खाली वाकून तिने जमिनीवरचे सगळे मीठ बोटाने टिपून गोळा केले, कारण सांडलेल्या मिठावर पाय पडू देत नाहीत, आणि हे तिला मीच लहानपणी शिकवले होते.

पुढच्या दिवसांत मुलगा माझ्या खोलीत येऊन गेला. "आबा, ती मस्करी करत होती. एवढं काय लागलं तुम्हाला?" मी सांगितले नाही. काय सांगायचे होते? की एका मेलेल्या मास्तरचा प्रश्न तिने शब्दशः विचारला? त्याला ते डोंगरातले मीठ वाटले असते. सूनबाई म्हणाली, "अहो, पोरीची चूक काय ते तरी बोला." मी म्हणालो, "ज्या जिभेला कळत नाही तिने बोलू नये." ती त्यानंतर माझ्याशी कामापुरतेच बोलते. जेवण वेळेवर वाढते.

नात निघाली तो दिवस. गाडी खाली उभी होती. सूनबाईने पाटावर मिठाचे मडके ठेवले होते, कोणी सांगितले नसताना. मी समोर खुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो. नात उंबऱ्याशी गेली, वळली आणि तिने ओंजळ धरली. मी पान उलटले. मुलगा पुढे झाला आणि मडक्यात हात घालू लागला, तेव्हा मी कागदाआडून म्हणालो, "मी अजून मेलो नाही." त्याने हात मागे घेतला. खालून गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. मी एका सहकारी सोसायटीच्या निवडणुकीची बातमी संपूर्ण वाचली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. तिने ओंजळ खाली घेतली नाही, ती माझी नात आहे. शेवटी तिने ओंजळ सोडली आणि म्हणाली, "बरं आबा. बीपीची गोळी घेतलीत का?" मी म्हणालो, "घेतली." ती रिकाम्या हातांनी उंबरा ओलांडून गेली. आमच्या घरातून अशी गेलेली ती पहिली मुलगी.

लग्न गेल्या महिन्यात झाले. मी पाहणार नव्हतो. सूनबाईने मुद्दाम माझ्यासमोर येऊन फोन धरला, आणि तिच्या चेहऱ्यावर जी अढी होती ती माझ्या ओळखीची होती. "बघा," ती म्हणाली. "तिने त्यांना सांगितलेलं, आमच्यात असं करतात म्हणून." पांढऱ्या उतारावर बांधाशी माझी नात साडी नेसून उभी होती, अंगावर त्यांची लोकरी शाल. तिच्या समोर त्या मुलाची आजी, हॅट घातलेली, दोन वेण्यांची, माझ्याहून थकलेली बाई. ती कष्टाने वाकली, वाफ्यातून दोन्ही हातांनी मीठ घेतले आणि माझ्या नातीच्या ओंजळीत घातले. मग तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि नातीच्या गालाला खारट हात लावला. नात रडत होती आणि हसतही होती. मागे गावातली माणसे वाद्ये वाजवत होती. मी म्हणालो, "ओंजळ सैल धरली आहे. मीठ बोटांतून गळते आहे." सूनबाई म्हणाली, "गळू दे. भरपूर आहे तिकडे." आणि फोन घेऊन निघून गेली. माझे काम एका परक्या म्हातारीने केले, गुरुजी, आणि चांगले केले. जी ओंजळ मी भरायची होती ती आता भरलेली आहे. माझ्याकडे जे होते ते कोणाला नको आहे.

यात तुमचा वाटा किती आणि माझा किती, हे ठरवायला मी बसलो नाही. तुमचा मोठा आहे असे मी धरून चालतो. तुम्ही मेल्यामुळे तुम्हाला नाकारता येत नाही, हा तुमचा तोटा.

हे पत्र मी कोठेही धाडणार नाही. तुमचा पत्ता नाही हे कारण पुरेसे आहे, पण ते पूर्ण कारण नाही. तिचा पत्ता आहे, गल्लीसकट मला पाठ आहे. आज सकाळी मी खरे म्हणजे तिलाच लिहायला बसलो होतो. 'चि.' लिहिले, तिचे नाव लिहिले आणि पुढे पेन चालेना, तेव्हा तो कागद बाजूला सारून हा घेतला. तुम्ही उलट उत्तर लिहिणार नाही. ती लिहील, आणि तिच्या उत्तरात माझ्याविषयी एकही वाकडा शब्द नसेल. ते वाचण्याचे मला भय वाटते.